हंगामी कारखाने, बारमाही दवाखाना

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये झाला. आजारी कामगाराच्या औषधपाण्याची आणि बुडालेल्या पगाराची सोय करणारा स्वतंत्र भारतातला हा पहिला मोठा कायदा. मात्र तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखाने कोणते तेही कायद्यात नावानिशी लिहिले होते: कापसाचे जिनिंग, कापूस आणि तागाचे प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा आणि साखर, गुळासह. बीड जिल्ह्यातल्या माणसाने ही यादी वाचली की त्याला आपलेच दोन धंदे त्यात सापडतात. कापूस आमच्या काळ्या रानात पिकतो आणि जवळच्या जिनिंगमध्ये जातो. साखर म्हणाल तर आमच्या तालुक्यातच अंबासाखरला सहकारी कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या आत काम करणाऱ्याला कायद्याने असे दाराबाहेर ठेवले, तर मुकादमाची उचल घेऊन परमुलखातल्या फडात कोयता चालवणाऱ्या जोडप्याची नोंद कोणी घ्यायची?

मी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, औषध लिहून दिले आणि नातेवाइकांच्या खिशात पैसे निघाले नाहीत, की त्यांना ज्या टेबलाकडे पाठवतात ते टेबल माझे होते. आजारपणाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मी पुस्तकात वाचण्याआधी त्या टेबलावर पाहिला. सरकारने कर गोळा करून सगळ्यांच्या उपचाराचे पैसे एकहाती द्यावेत, की ज्याने त्याने विमा कंपनीकडे हप्ता भरून आपापली सोय पाहावी, हा वाद हल्ली वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो तो बहुधा अमेरिकेच्या निवडणुकीच्या निमित्ताने. या वादाचा एक धागा आमच्या गावातून जातो, आणि तो कोणी तरी लिहून ठेवायला हवा असे मला फार दिवस वाटत होते.

तो धागा एका नावापासून धरावा लागतो. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. गावात आणि वर्तमानपत्रात त्याला ‘स्वाराती’ म्हणतात. स्वामीजी म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, एवढे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण मराठवाड्यात येण्याआधी, व्यंकटेश खेडगीकर या पूर्वाश्रमीच्या नावाने, त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते. पुढे ते शिक्षक म्हणून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, संन्यास घेतला आणि १९३५ च्या सुमारास निजामी राजवटीतल्या मोमिनाबादला, म्हणजे आमच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेची धुरा सांभाळायला आले. इकडे ना. म. जोशी १९४३ साली नेमलेल्या भोर समितीचे सदस्य झाले. हिंदुस्थानची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे ठरवणारी ही समिती. तिचा अहवाल १९४६ साली आला.

भोर समितीचे म्हणणे आज वाचले तरी अंगात बळ येते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, हे तिचे पहिले तत्त्व. मग पैसे कुठून आणायचे? समितीने विम्याचा मार्ग विचारात घेतला. इतक्या गरीब देशात हप्ता भरू शकणारे फार थोडे, म्हणून उपचार सगळ्यांना भेदाशिवाय मोफत असावेत आणि ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून त्याचा वाटा करातून घ्यावा, असा कौल तिने दिला. डॉक्टर पगारी असावेत, सुरुवातीला दर चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, पुढे त्याहून दाट जाळे विणावे. ज्याला आज लोक ‘सर्वांचा खर्च एकाच तिजोरीतून’ म्हणतात त्याचा हा देशी आराखडा होता, आणि तो लिहिणाऱ्यांमध्ये गिरणी कामगारांच्या चाळी पाहिलेला मराठी माणूस होता.

दुसरा रस्ताही एका मराठी माणसानेच आखला. प्रा. भा. पुं. आडारकरांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सरकारला दिला. त्यातूनच १९४८ चा तो कायदा जन्मला. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून थोडे, आणि त्या निधीतून दवाखाने. आडारकरांविषयी मला आदर आहे. मुंबईच्या, सोलापूरच्या कामगाराच्या घरात त्यांनी आधार नेला. फक्त तो आधार हजेरीपटावर बारा महिने नाव असणाऱ्याचाच होता. दिल्ली-कानपूरला १९५२ साली योजना सुरू झाली. १९५४ साली केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळी आरोग्ययोजना आली. भोर समितीचे ‘सगळे’ बाजूला पडले आणि माणसांचे गट पडत गेले: कारखान्याचा कामगार, सरकारी नोकर, रेल्वेचा, लष्कराचा. ज्यांचा आवाज सरकारच्या कानी जातो त्यांची सोय आधी झाली. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या घोळाचे मूळ इथे आहे.

१९४८ साल पुन्हा पाहण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये तो कायदा झाला. ५ जुलैला इंग्लंडने आपली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. खाणकामगारापासून सरदारापर्यंत कोणालाही दवाखान्यात बिल नाही. आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. भोर समितीने ज्या ब्रिटिश हिंदुस्थानचा विचार केला त्यात आम्ही नव्हतो, आडारकरांच्या कायद्याने जे कारखाने धरले त्यातही नव्हतो. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आमच्याकडे आरोग्यव्यवस्था म्हणून दाखवायला फार काही नव्हते. औरंगाबादला १९५६ साली मराठवाड्याचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पण अंबाजोगाईहून औरंगाबाद म्हणजे आजही दिवस मोडतो.

म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अंबाजोगाईसारख्या, रेल्वेही नसलेल्या तालुक्याच्या गावी वैद्यकीय महाविद्यालय निघणे ही साधी घटना नव्हती. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. विकासाच्या मागण्यांसाठी मराठवाडा १९७४ मध्ये रस्त्यावर उतरला होता. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख गाव अजून अभिमानाने सांगते. डॉ. व्यंकटराव डावळ्यांचे नाव त्याच्या उभारणीशी कायमचे जोडलेले आहे. शिकायला आलेल्या पोरांना रुग्ण हवेत आणि रुग्णांना डॉक्टर हवेत, अशी दोन्हीकडची गरज एका आवारात आली. परळी, केज, धारूर, माजलगाव, गंगाखेड, अहमदपूर, कळंब, रेणापूर, चारी बाजूंनी एसट्या येत. बाळंतीण, साप चावलेला, मळणी यंत्रात हात गेलेला, विष घेतलेला, सगळे याच दारात. केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, गाव विचारत. तुमचा मालक कोण, हप्ता भरला का, हे तिथे कोणी विचारत नसे. भोर समितीने जे ‘भेदाशिवाय’ म्हटले होते, ते मला त्या खिडकीवर दिसले. म्हणून मी त्या खिडकीची बाजू घेते.

पण खिडकीच्या पुढे सगळे आलबेल होते असे म्हणणे खोटे ठरेल. राज्यभरच्या सरकारी दवाखान्यांचे अनुदान गरजेच्या मागेच राहिले. जी तपासणी आत होत नाही ती बाहेरून, जे औषध संपले ते बाहेरून. ही ‘बाहेरून’ची चिठ्ठी घेऊन माणूस माझ्या टेबलापाशी येई. मग गरीब रुग्ण निधी, देवस्थानाचे ट्रस्ट, गावातले दानशूर व्यापारी असे हात पसरायचे. इथे मला डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैलाताईंचे नाव घ्यायलाच हवे. त्यांनी १९८२ साली उभी केलेली ‘मानवलोक’ ही संस्था आणि पुढे बायकांसाठी निघालेली ‘मनस्विनी’ यांनी या भागात आजारपण, दुष्काळ आणि बाईचे हाल हे एकाच गाठोड्यात असतात हे लोकांना दाखवून दिले. १९९७ साली राज्याची जीवनदायी योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळू लागली. पण दाखला, अंदाजपत्रक, मंजुरी या वाटेवर महिने जात. छातीत झडप खराब झालेली पोर आणि तिचा बाप गावाहून तहसीलला, तहसीलहून मुंबईला फिरताना मी पाहिले आहेत.

याच काळात पांढरपेशांचा रस्ता वेगळा झाला. सरकारने १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत करून चार कंपन्या केल्या होत्या, आणि त्या चारही कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्याही आल्या. प्राध्यापक, व्यापारी, बँकेतली माणसे मेडिक्लेम घेऊन लातूरच्या, पुण्याच्या दवाखान्यात जाऊ लागली. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. लेकराच्या जिवापुढे कोणी तत्त्व घेऊन बसत नाही. आमच्याही घरी पॉलिसी होती. यजमानांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी विमा कंपनीने ‘आजार आधीपासूनचा आहे’ म्हणून दावा नाकारला आणि कित्येक वर्षांचे हप्ते तिथेच राहिले. पण माझे दुःख वेगळे आहे. ज्या वर्गाला लिहिता-बोलता येते, ज्याचा फोन आमदार उचलतो, तो वर्ग सरकारी दवाखान्यातून उठून गेला. त्यानंतर तिथले मशीन बंद पडले तर बोलणार कोण? एकाच तिजोरीतून सगळ्यांचा खर्च करण्यामागचे सर्वांत भक्कम कारण माझ्या मते हेच आहे: तालेवार आणि रोजंदार एकाच वॉर्डात असले, म्हणजे वॉर्ड नीट राहतो.

मग राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत, आणि नोव्हेंबर २०१३ पासून बीडसह सगळ्या राज्यात. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, मूत्रपिंड बदलायचे तर अडीच लाखांपर्यंत; ९७१ प्रकारच्या शस्त्रक्रिया आणि उपचार, सरकारी किंवा ठरवून दिलेल्या खाजगी दवाखान्यात, रोख पैसा न मोजता. मी त्या वेळी नोकरीत होते आणि माझे टेबल एका वर्षात बदलले. झडपेची शस्त्रक्रिया आता आठवड्यांत होऊ लागली. ते समाधान मी विसरणार नाही, आणि योजना आणणाऱ्यांचे श्रेय नाकारणे अन्याय होईल. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव मिळाले. बीडसह चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही तिचा लाभ मिळू लागला.

तरी तिच्या रचनेकडे पाहावे. सुरुवातीला दर कुटुंबामागे वर्षाचा ३३३ रुपये हप्ता सरकारने एका सरकारी विमा कंपनीला दिला. हप्ता सगळाच सरकारचा. म्हणजे पैसे देणारा हात एकच होता. मधे कंपनी उभी केली, तिने दाव्यांचे कागद तपासायचे, मंजुरी द्यायची आणि पैसे दवाखान्याला द्यायचे. तो दवाखाना सरकारी असला तर सरकारचा पैसा कंपनीला वळसा घालून सरकारकडेच यायचा. हा वळसा कशासाठी, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेले नाही. खाजगी दवाखान्यांवर देखरेख हवी हे खरे, पण ती योजना चालवणाऱ्या सरकारच्याच राज्य आरोग्य हमी सोसायटीलाही करता येते. पुढे मोठ्या खर्चाचा काही भार या सोसायटीनेच घेतला.

आणि कार्डाचा रंग. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, सांगली, कोल्हापूर, पुणे, कर्नाटकाकडे, आणि उन्हाळ्यात परततात. कार्ड गावच्या ट्रंकेत. टोळीतली सून आजारी पडली की दवाखान्यात योजनेचे काम पाहणारा आरोग्यमित्र कार्ड मागणार, आणि सासू म्हणणार, “मॅडम, तिचं नाव अजून माहेरच्या कारडावर हाय. लगीन होऊन दोन वरसं झाली, पर कमी करून आणायला येळ कुटं घावला?” माहेर धारूरच्या डोंगरात, सासर केजला, आजारपण इस्लामपूरला. नाव जोडण्याचा अर्ज, सरपंचाचे पत्र, फोटो ओळखपत्र असे सगळे गोळा करण्यात माझी नोकरीची शेवटची वर्षे गेली. रुग्ण आधी दाखल होई, कागद मागून येत, एवढे त्या आवाराचे उपकार. खाजगी दवाखान्यात कागद आधी लागत.

योजनेचा दुसरा दोष मोठा आहे. ती दाखल होऊन करायच्या उपचाराचे पैसे देते. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीचे, अंगावर पांढरे जाण्याचे, रक्त कमी असण्याचे, पाठदुखीचे पैसे तिच्यात नाहीत. उसाच्या फडातल्या बाईचे आजार हेच असतात. कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही, पहाटे चारपासून मोळ्या डोक्यावर, आणि एक दिवस बसली तर खाड्याचा दंड. अशी बाई ओटीपोटाच्या दुखण्याने गावच्या खाजगी दवाखान्यात गेली की तिला सांगितले जाई, गर्भाची पिशवी काढून टाक, म्हणजे कटकट मिटेल. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक! बहुतांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या, कित्येकींनी मुकादमाकडून उचल घेऊन केलेल्या. ती उचल फेडायला पुन्हा फडात. त्यानंतर खाजगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. या बायकांना विमा नव्हता म्हणून हे घडले, असे काही लोक म्हणतात. मला ते अर्धेच पटते. गावाजवळ सोनोग्राफी करून, गोळ्या देऊन, ‘तुझ्या पिशवीला काही झालेले नाही’ असे सांगणारी पगारी डॉक्टरीण असती, तर यातल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या. शस्त्रक्रियेमागे पैसे मिळणाऱ्याला ‘काही करू नको’ असे सांगण्याचे पैसे कोणीच देत नाही, विमाही नाही.

विम्याच्या भरवशाचे आणखी एक रूप अमेरिकेत दिसते. माझा भाचा तिथे न्यू जर्सीत असतो. तिथे नोकरीबरोबर विमा येतो आणि नोकरी गेली की तोही जातो. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंदी घातली, तेव्हा माणसे टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या आणि ती रीत पक्की झाली. तेव्हाचा तो तात्पुरता उपाय आज बदलू म्हटले तरी बदलत नाही. त्याला मी शेजारच्या कॅनडाचा दाखला देते. तिथे सरकारी तिजोरीतून सगळ्यांचे उपचार सुरू केले ते श्रीमंत शहराने नव्हे. सॅस्कॅचवान या कोरडवाहू, गव्हाच्या, तिशीच्या दशकात दुष्काळाने भाजून निघालेल्या प्रांताने. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, तेवीस दिवस. प्रांत हटला नाही, आणि पुढे सगळ्या देशाने तीच पद्धत घेतली. या योजनेचा पाया घालणारे टॉमी डग्लस लहान असताना त्यांच्या गुडघ्याला हाडाचा संसर्ग झाला होता. घरी पैसे नव्हते, पाय कापायची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी केस हवी म्हणून एका शल्यविशारदाने फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. जे आपल्याला नशिबाने मिळाले ते प्रत्येक पोराला हक्काने मिळावे, हा ध्यास त्यांनी धरला. शिकवणाऱ्या दवाखान्याचे मोल मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या गावाने ते रोज पाहिले आहे.

खाजगी डॉक्टरांची बाजूही मी ऐकली आहे, कारण त्यातले बरेच जण याच महाविद्यालयात शिकले आणि आजही मला रस्त्यात नमस्कार करतात. योजनेचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, सरकारी खात्यात जागा रिकाम्या असताना रुग्ण आमच्याकडे येतात तर आम्ही काय करायचे, असे ते म्हणतात. यातले पैशांच्या उशिराचे आणि रिकाम्या जागांचे गाऱ्हाणे खरे आहे. पण त्याचा उपाय जागा भरणे हा आहे.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, कार्ड कोणत्याही रंगाचे असो, आणि मर्यादा पाच लाख झाली. भोर समितीच्या ‘सगळ्यां’पर्यंत यायला कागदावर तरी सत्त्याहत्तर वर्षे लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत झाले. पण वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्या खात्याची. त्यामुळे आरोग्य केंद्रात मोफत असलेली तपासणी महाविद्यालयाच्या रुग्णालयात शुल्काची राहिली, आणि ऊसतोडीच्या जिल्ह्यात सर्वांत मोठे दार असलेल्या आमच्या रुग्णालयाला तो निर्णय लागू झाला नाही. आम्ही काही निवृत्त परिचारिका, औषधनिर्माते आणि मी मिळून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे अर्ज केला आहे: हा निर्णय महाविद्यालयांनाही लावा, आणि या जिल्ह्यासाठी विम्यावर जो पैसा जातो त्यातला वाटा थेट इथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या औषधांना आणि फिरत्या स्त्रीरोग तपासणीला द्या. टोळ्या पाडव्यानंतर परततात आणि दिवाळीपर्यंत गावात असतात. तपासणी त्या महिन्यांत झाली तरच तिचा उपयोग, म्हणून अर्ज आम्ही फेब्रुवारीतच दिला.